बूट काढून आलेला खुनी

जयनगरच्या बसस्टॉपमागे चपला शिवणारे अण्णा निपाणीकडचे. दोरा दातात धरला तरी त्यांचं बोलणं थांबत नाही. परवा माझ्या चपलेचा पट्टा शिवताना म्हणाले, "काय लिवताय अक्का? वाचा की!"

मी अमेरिकेतल्या काउबॉय लोकांची रहस्यकथा लिहीत होते. मळ्याच्या मालकाचा खून झाला होता आणि खुनी कोण, ते मलाच सुचत नव्हतं. मी वाचलं, "खुन्यानं दाराबाहेर बूट काढले आणि तो हळूच आत शिरला."

अण्णांचा हात थांबला. "गुडघ्याएवढं बूट? बाहेरचा माणूस कशाला काढत बसतोय? घरातलाच हाय. जावई बघा!"

मी जावयाला खुनी केलं. कथा झकास जमली.

ते बूट पुरावा म्हणून नव्हतेच, घरात शिरताना पायताण बाहेर काढायचं, या माझ्या आईनं लावलेल्या वळणानं माझ्या हातून लिहिले गेले होते, हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही.