उसन्या बॅटरीवरचं अपडेट

आठवीत शाळा सोडून मी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावातून निघालो, मध्ये दोन-तीन ठिकाणी धडपडलो आणि शेवटी अंबाजोगाईला टेकलो. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सरांनी मला ठेवून घेतलं. पूर्वी ते क्लास घ्यायचे, म्हणून अख्खं गाव त्यांना सर म्हणतं. काम दिलं, दुकानामागची खोली दिली, स्क्रीनवरचं इंग्रजी बोट ठेवून वाचायला शिकवलं. उपकाराखाली माणूस वाकतो म्हणतात. मी वाकलो नाही, आखडलो. एक चूक झाली की खोलीही जाईल आणि सरही, हे मनातून कधी गेलं नाही.

सर जुने लॅपटॉप एकगठ्ठा आणायचे, त्यांत लिनक्स ही फुकटची सिस्टिम घालून विकायचे. त्यामुळे एकाच मॉडेलचे लॅपटॉप गावभर, आणि दुरुस्तीला आले की फळीवर जुळ्या भावंडांसारखे शेजारी शेजारी. म्हणून दुकानाचा एकच कडक नियम होता. एका गिऱ्हाइकाचा साधा स्क्रूसुद्धा दुसऱ्याच्या मशीनमध्ये जायचा नाही.

त्या दिवशी सर लातूरला सामान आणायला गेले होते. टेबलावर एका डॉक्टरबाईंचा लॅपटॉप होता. झाकण मिटलं की झोपायचा आणि मग काही केल्या उठायचा नाही. आत त्यांचा प्रबंध. उपाय सरांनी सांगून ठेवला होता: फर्मवेअर नवं घालायचं. लॅपटॉप चालू होताना सगळ्यांत आधी जागा होतो तो चिपमधला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ते लिहिताना मध्येच वीज तुटली तर मशीन कायमचं गेलं.

सकाळपासून मी दोनदा अपडेट लावलं. दोन्ही वेळा हुकूम टाइप करायच्या खिडकीनं, टर्मिनलनं, सगळं ठीक म्हणून सांगितलं, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला, आणि बघतो तर आवृत्ती जुनीच. तिसऱ्यांदा सेटिंगमध्ये शिरून एकेक ओळ वाचली. बाहेरून फर्मवेअर घ्यायची परवानगीच बंद होती. ती चालू केली. मला इतका आनंद झाला की सर येण्याआधी काम संपवून दाखवायचं ठरवून टाकलं.

आता अपडेट बॅटरी मागू लागलं. नुसत्या चार्जरवर अपडेट होणार नाही म्हणालं. डॉक्टरबाईंची बॅटरी फुगली होती, ती आम्ही आधीच काढून टाकलेली, आणि नवी आणायलाच सर गेलेले. तपासणी टाळून जबरदस्तीनं अपडेट लावायचा मार्ग होता, पण तो सरांनी मला शपथ घालून बंद केला होता. मी फळीकडे बघितलं. शेजारीच नर्सिंगच्या एका मुलीचा लॅपटॉप दुरुस्त होऊन पडला होता. तेच मॉडेल, बॅटरी भरलेली. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं म्हणत मी तिच्या लॅपटॉपचे स्क्रू काढले.

अपडेट सुरू झालं. काळ्या स्क्रीनवर पांढरी पट्टी सरकू लागली. तेवढ्यात त्या मुलीची आई दारात.

"लेकरा, झालं का लॅपटापचं? पोरगी ट्रंक घेऊन स्टँडवर बसली हाय. पावणेचारची गेवराईची गाडी हाय आमची, तिथून पुढं चकलांबा. ती चुकली की रात होती."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.

"बसा मावशी. थोडंच राहिलंय."

"काय ऱ्हायलंय? काल तर फोनवर झालं म्हणला."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. पट्टी पाव भागावर. बॅटरी काढता येत नव्हती, मावशींना घालवता येत नव्हतं, आणि दुकान सोडून पळावं तर राहायची खोलीही दुकानाच्याच मागे. शेवटी सांगून टाकलं.

मावशींनी टेबलावरचे दोन्ही लॅपटॉप नीट बघून घेतले. एकाचं पोट उघडं, दुसऱ्याची पट्टी सरकतेय.

"म्हंजी माज्या पोरीच्या मशीनीचं काळीज काढून तू ह्येला लावलं."

"हो."

"न इचारता."

"हो, मावशी."

"तुमच्याकडं असंच करत्यात व्हय? कुठला तू?"

"कोकणातला."

"लई लांबून आलास रं चोरी कराया," म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. चिडल्या होत्या की चेष्टा करत होत्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

साडेतीनला लाइट गेली. इन्व्हर्टर आठवडाभर बंदच होता. पंखा थांबला, चार्जरवरचा दिवा विझला. पट्टी मात्र सरकत होती.

"आता कशावर चाललंय ह्ये?"

"तुमच्या बॅटरीवर."

"मग चालू दे," मावशी म्हणाल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. मुलीचा फोन आला. "न्हाई, इथंच हाय. जाऊ दे गाडी. तू रिक्षा करून इकडंच ये. आपल्या बॅटरीवर कुणाचं तरी आपरेशन चाललंय."

पट्टी संपली आणि स्क्रीन पूर्ण काळी झाली. ती किती वेळ काळी होती हे मला नेमकं सांगता येणार नाही. त्याच वेळात सर पिशवी घेऊन आत आले. उघडा लॅपटॉप, मावशी, मी. त्यांना विचारावं लागलंच नाही. पिशवी ठेवली आणि तेही उभे राहिले.

मग लॅपटॉप उठला. मी आवृत्ती बघितली. नवी. झाकण मिटलं, मिनिटभर थांबलो, उघडलं. पुन्हा उठला.

"आधी त्यांची बॅटरी जागेवर लाव," सर म्हणाले.

तोवर मुलगी आली होती. तिच्यासमोर मी एकेक स्क्रू बसवला, दोन खाली पाडले. सरांनी मायलेकींना चहा मागवला, माफी मागितली आणि पुढच्या गाडीला स्वतः स्कूटरवरून दोन खेपा करून सोडून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "मला फोन कावून केला न्हाईस?"

खरं उत्तर होतं, तुम्ही नको म्हणाला असता. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "तुम्ही घालवून द्याल म्हणून."

सरांनी लातूरहून आणलेली बॅटरी खोक्यातून काढली. मग म्हणाले, "उद्या डॉक्टरबाईला तूच सांगायचं. सगळं. मी शेजारी बसतो."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. बाई दचकल्या, मग आभार मानायला त्यांनी मावशींचा नंबर मागून घेतला.

खोली अजून माझ्याकडेच आहे. आता फर्मवेअरचं काम निघालं की सर शेजारच्या खुर्चीत असले तरी मी आधी त्यांना सांगतो. ते वर न बघता विचारतात, "बॅटरी कुणाची?"

"ह्याचीच."

एवढं म्हणूनही मी एकदा फळीकडे बघून घेतो.