पाठ टेकली तेव्हा

ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या आखाड्याच्या मातीला चैत्रातल्या उतरत्या उन्हात एक ओलसर, आंबूस गंध सुटतो. सरहद्दीच्या कोरड्या थंडीत, पहाऱ्यावर उभा असताना, तो मी मनातल्या मनात कितीदा हुंगला असेल. सुभेदारी, लढाईत मिळालेले पदक आणि पलटणीच्या आखाड्यात निव्वळ हौसेने मारलेल्या कुस्त्या, एवढी पुंजी घेऊन मी खालापूरजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा बोरघाट चढणाऱ्या आगगाडीचा धूर डोंगराच्या निळाईत विरत होता आणि वेशीवर सारे गाव मला मुजरा करायला उभे होते.

मी सुखात होतो, नाही असे नाही. पण ज्यांच्याबरोबर पाताळगंगेत डुंबलो तेही आता 'म्हादू' सोडून 'सायेब' म्हणत, चार पावले दूर उभे राहून बोलत. माझ्याच गावात मी पाहुणा झालो होतो आणि ते मला फार झोंबत होते.

जत्रेच्या कुस्त्यांना मला मानाने बाजेवर बसवले. मी मात्र पदकासकट कोट उतरवला, मातीत उतरलो आणि धर्मापुढे हात केला. धर्मा माझा बालमित्र; लहानपणी त्याने मला एकदाही जिंकू दिले नव्हते. आज त्याने आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, तिथेच मी ओळखायला हवे होते. झोंबी लागते न लागते तोच तो आपणहून अलगद उताणा झाला. ढोल वाजले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"धर्मा, ही कुस्ती नाय," मी हळूच म्हणालो.

"तुमाला पाडायचं मंजी... गाव काय म्हणंल, सायेब?"

"गावाचं मी बघतो. आज खरा नाय लढलास तर आपली दोस्ती सरली."

तो उठून पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. मग त्याने शड्डू ठोकला. त्याचा खांदा माझ्या बरगडीत शिरला, पायाखालची माती सरकली आणि माझी पाठ दणकन टेकली. ढोल थांबले. धर्मा धापा टाकत, भेदरून माझ्यावर वाकला.

"लागलं का रं, म्हादू?"

कंबर चांगलीच ठणकत होती. वर आभाळ केशरी होत चालले होते, पाठीखालची माती अजून उबदार होती, आणि उठायची मला मुळीच घाई नव्हती.