चिमाजी आणि करवंटीखालचे सहा मासे

चिखलीच्या त्या इमारतीत चिमाजींना नावानं कुणी ओळखत नाही, ‘गेटवाले काका’ म्हणतात. अर्धं आयुष्य चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर गेलं. शिफ्ट सुटली की डबे उघडायचे, पिशव्या उलट्या करायच्या, हेल्मेटच्या आतसुद्धा हात फिरवायचा. माणूस निवृत्त झाला, नजर काही झाली नाही. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, लिफ्टमधला अनोळखी पाहुणा, सगळ्यांवर संशय. देवळातल्या पेढ्याचाही ते आधी वास घेतात, आता बोला!

अशा घरात तनुजा सून होऊन आली आणि तिच्या मागोमाग सांगवीच्या माहेराहून माशांची टाकी आली. आत सहा कॅटफिश. बोटाएवढे, मिशा असलेले, तळाची वाळू हुंगत फिरणारे. फिरणारे हे आपलं तनुजाचं म्हणणं. चिमाजींना ते दिसलेच नाहीत. सदा टाकीतल्या नारळाच्या करवंटीखाली, नाहीतर पानांच्या गर्दीत.

लपतो त्याच्या मनात काळंबेरं असतंच, हे चिमाजींचं ठाम मत. सून कामावर गेल्यावर त्यांनी करवंटी काढली, झाडं उपटली आणि टाकीवर पांढरीफेक ट्यूब लावली. कंपनीचा नियमच होता तो: फालतू सामान हटवा, सगळं उघड्यावर ठेवा, म्हणजे माल दडवायला जागा राहत नाही. मग समोर खुर्ची टाकून ते पहाऱ्याला बसले.

मासे फिल्टरमागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले. त्यांचा रंग उडाला, खाणं सुटलं. दुकानदारानं सुनेच्या माहेरच्यांच्या गळ्यात आजारी माल मारला, हा पहिला संशय. दुसरा खाण्याच्या गोळ्यांवर. मध्येच एखादा सुसाट वर यायचा आणि हवेचा घोट घेऊन खाली पळायचा, तेव्हा तर काहीतरी काळंबेरं आहे अशी त्यांची खात्रीच पटायची.

“बाबा, त्यांना आडोसा लागतो,” तनुजा संध्याकाळी एवढंच म्हणाली. नवी सून, जास्त काय बोलणार?

आडोसा! चिमाजींनी कान टवकारले. त्या दिवसापासून सून आपल्या खोलीचं दार लावून घेते, हेही त्यांनी टिपलं.

मग एका सकाळी मासे पाचच भरले. कामवाली शालनबाई भांडी घासून निघाली होती.

“पिशवी उघडा,” चिमाजी दारात आडवे झाले.

“अहो, मासा कुणी पिशवीत घालून नेतं का?” बायको अंबूबाई कळवळली. पण शालनबाईनं पिशवी उघडलीच. आत मोबाइल, किल्ली आणि उरलेली भाकरी.

“भांडी घासते, चोऱ्या न्हाई करत. उद्यापासून दुसरी बघा,” ती म्हणाली आणि तडक जिना उतरली. तेवढ्यात फिल्टरमागून सहावा निघाला. मेल्याला हाच मुहूर्त सापडला!

तनुजानं सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी बंद दाराआडून तिचा आवाज आला. ती नवऱ्याला, सुजितला सांगत होती, “रहाटणीत घर बघ. इथं मी पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी बघत असतं.”

आधी चिमाजींच्या मनात आलं, पोराला फितवतीय. मग ‘रहाटणी’ डोक्यात शिरली. एकुलता एक मुलगा. तो गेला तर या घरात पहारा कसला करायचा?

सकाळी ते आधी शालनबाईच्या दारी गेले. “चुकलं माझं, बाई.” तिनं ऐकून घेतलं, पण आत या म्हणाली नाही. घरी येऊन ते सुनेला म्हणाले, “तुझ्या माशांचं काय करायचं ते सांग. मी करतो.”

आता संशयानं बघायची पाळी तनुजाची होती. “करवंटी परत ठेवा. झाडं लावा. ट्यूब बंद करा, मागच्या काचेला काळा कागद चिकटवा. लपायला जागा आहे म्हटल्यावर ते लपत नाहीत, बाबा.”

चिमाजींना यातलं अक्षर पटलं नाही. गेटवर असलं चालवलं असतं तर कंपनी उचलून नेली असती लोकांनी! पण मुकाट्यानं सगळं केलं.

“आणि खुर्ची तिकडं फिरवा,” ती म्हणाली.

हे सगळ्यात अवघड होतं. पाठ टाकीकडे, तोंड खिडकीकडे. मानेला नुसती खाज सुटायची. पाठीमागं काय चाललंय कोण जाणे! गोळ्या टाकायला तनुजाच यायची, टाकून परत आपल्या खोलीत जायची.

एका संध्याकाळी मात्र ती गेली नाही. टाकीसमोर फरशीवरच बसली. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, “बाबा, आले बाहेर. वाळू उकरतायत.”

चिमाजींची मान अर्धी वळली. “मोजलेस का?”

“मोजले. सहा आहेत.”

अर्धी वळलेली मान तशीच थांबली. मग त्यांनी ती सावकाश खिडकीकडे परत नेली.

“तू म्हणतीस तर असतील,” चिमाजी म्हणाले.