बुद्धी अकराची सतरा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही : बावन्नाव्या वर्षी मी पोरींच्या खेळात लबाडी केली.

माझी मुलगी मुक्ता आणि या हिंदी मुलखातल्या तिच्या तीन मैत्रिणी रविवारी दुपारी आमच्या घरी एक खेळ मांडायच्या. प्रत्येकीने कल्पनेतलं एक पात्र व्हायचं, त्याचे गुण कागदावर आकड्यांत लिहायचे आणि वीस बाजूंचा फासा टाकून लढायचं. गोष्ट चालवणारी आणि निवाडा देणारी मुक्ता. मैत्रिणींतली एक लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली आणि रिकाम्या जागी माझी नेमणूक झाली. (तात्पुरती, असं मुक्ताने बजावलं होतं.)

मला धनुर्धर व्हायचं होतं. शिवाय मंत्रही हवे होते!

"बाबा, सोच लो. नेम चपळाईवर चालतो, जादू बुद्धीवर. गुण मोजकेच आहेत. दोन्हींत वाटले तर दोन्ही अर्धवट."

"अगं, मंत्राशिवाय बाण म्हणजे नुसती काडी! ऑफिसात मी दोन टेबलं सांभाळतोच की."

"दोन्ही अर्धवटच," स्वयंपाकघरातून आमची ही.

मी रेल्वेत कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं सांभाळतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी पोरींना शिस्त लावली : कागदावर खाडाखोड झाली, तर शेजारी मुक्ताची बारीक सही हवी! पोरी हसल्या, पण पाळू लागल्या.

पहिल्या लढाईत माझ्या आचार्य अग्निशराने (नाव माझंच) मंत्र पुटपुटून पेटता बाण सोडला. फासा घरंगळत जाऊन दोनवर थांबला. बुद्धी जेमतेम अकरा, मंत्र फसला, शत्रू तिकडे तसाच उभा आणि बाण थेट आमच्याच धान्याच्या गाडीत!

"अंकल जी, दुश्मन उतै ठाड़ो है! जा गाड़ी तो हमाई है!" शिवानी ओरडली. शिवानी म्हणजे मुक्ताची बालवाडीपासूनची जिवलग.

पुढच्या तीन रविवारांत मी एक पूल जाळला (आम्ही त्यावर उभे असताना), शिवानीच्या पात्राची वेणी जाळली आणि आमचा एकुलता एक वैद्यही. पोरी पोट धरून हसत होत्या. मीही हसलो. पण आतून जळलो.

नंतरच्या रविवारी पोरी समोसे आणायला गेल्या. मी आणि कागद, दोघेच. इंग्रजी आकड्यांतला अकरा. दुसऱ्या एकच्या डोक्यावर छोटीशी आडवी रेघ ओढली. सतरा! आणि सत्तावीस वर्षांची सवय बघा, हाताने आपण होऊन शेजारी बारीक सही ठोकली!

मुक्ता सही शिकली तीच मुळी माझी बघून. आमच्या सह्या म्हणजे एकाच कोंबडीची पावलं.

त्या दुपारी अग्निशराने एकट्याने राक्षस लोळवला. शिवानीने भुवई चढवून माझा कागद उचलला.

"ग्यारह था. सत्रह किसने किया? साइन तो तेरे हैं, मुक्ता."

"मैंने नहीं किया!"

"मेरी वाली तीन बार मरी, तूने एक नंबर नहीं बढ़ाया. और पापा के लिए बेईमानी?"

"तो क्या बाबा ने किया? बाबा ऑफिस का पेन तक घर नहीं लाते!"

(पेन ऑफिसचाच होता.)

शिवानी माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "अंकल जी, आप बोलो. आपके सामने किया इसने?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "समोसे ठंडे हो रहे हैं."

शिवानी उठून घरी गेली ती परत आलीच नाही. दोन वर्षं झाली. मुक्ताने फासे डब्यात भरले आणि चार दिवसांनी मला म्हणाली, "बाबा, सही मीच केली असेल का हो? मला खरंच आठवत नाही." मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आता गावातल्या सीपरी बाजारात शिवानी समोरून आली, की मी दिसेल त्या दुकानात शिरतो. गेल्या महिन्यात बांगड्यांच्या दुकानात शिरलो आणि निमित्त म्हणून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन बाहेर पडलो. ही इतकी खूश झाली, की तिलाही खरं सांगता आलं नाही!

रेघ मी ओढली, सही माझी. एवढं एक वाक्य मी त्या दोघींना देणं लागतो. आज ते लिहून काढलं खरं, पण मराठीत : शिवानीला मराठी येत नाही आणि मुक्ता मराठी वाचत नाही. म्हणजे ते देणं अजून तसंच आहे.