चेअरमनचा नवस आणि सुमीचे पाय

मी पाऊस पाडलेला माणूस आहे. तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथं आजही असं सांगणारे दोन-तीन म्हातारे सापडतील. (त्यांना चहा मीच पाजतो, हा भाग वेगळा.)

त्या सालचा दुष्काळ असा, की कावळेसुद्धा टँकरच्या मागं गेवराईपर्यंत उडत जायचे. मी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. संस्थेत दूध किती, तर कॅन उपडा केला तरी माशी भिजायची नाही. वार्षिक सभेत सभासदांनी मला धरलं.

"चेअरमन, चाऱ्याचं काय झालं?"

"वर कागद पाठवलाय."

"मंग म्हशीला कागद घालू का?"

तेव्हा मी उठलो, पायातल्या चपला काढल्या, नारायणगडाच्या दिशेनं हात जोडले आणि जाहीर केलं, "पाऊस पडंस्तोवर हा चेअरमन अनवाणी!" सभा गार. चारा राहिला बाजूला, टाळ्या पडल्या.

नवस तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी डांबरी सडकेवरून मी असा नाचत घरी आलो, की तसा स्वतःच्या वरातीतही नाचलो नव्हतो. तळपायाला पापडासारखे फोड. खाटेवर पडल्या पडल्या मी देवाशी तडजोड काढली. चेअरमन आजारी पडला की संस्थेत व्हाइस चेअरमन सही करतो. नवसाला तेवढी सवलत का नसावी? नवस घराचा. घरातलं एक माणूस अनवाणी असलं म्हणजे झालं.

आमची सुमी तेव्हा सात वर्षांची. गल्लीत पळण्यात तिला कुणी गाठत नव्हतं. तिच्या बीडहून आणलेल्या लाल चपला मी उचलल्या आणि फडताळावर ठेवल्या.

"आण्णा, मी कदी घालू मंग?"

"पाऊस पडला की."

"नवस तुमचा अन् पाय लेकराचे?" बायको चुलीपासूनच म्हणाली.

"लहान्याचं देव लवकर ऐकतो," मी म्हणालो आणि माझ्या चपला घातल्या.

मी काही निर्दयी नव्हतो. तिचे पाय भाजू नयेत म्हणून सांगून ठेवलं, "ऊन तापलं की केळीखाली खेळत जा." घरामागं न्हाणीच्या सांडपाण्यावर मी तीन केळी जगवल्या होत्या. अख्ख्या शिवारात ओल आणि सावली तेवढीच. त्यामुळं गल्लीतली बारकी पोरं परसाकडंलाही तिथंच बसायची. फुकटचं खत मिळतंय म्हणून मी खूश होतो.

महिन्याभरात सुमीच्या पायाच्या बोटांत खाज सुटली. दुसरा बाप असता तर बोटं बघितली असती. मी दूध केंद्रावर जाऊन सांगितलं, "नवस पावायला लागलाय. पोरीच्या तळपायाला पावसाची चाहूल लागलीय." झालं! सभासद सकाळी दूध घालायला आले की आधी आमच्या ओट्यावर.

"सुमे, खाजतंय का गं?"

"लई."

"डाव्या पायाला का उजव्या?"

"दोनी."

दोन्ही म्हटल्यावर एकानं तर पेरणीसाठी पाभर बाहेर काढली.

पुढं खाज गेली आणि पोरगी पांढरी पडत चालली. पळणं थांबलं. शाळेच्या वाटेवर ती दोनदा बसायची. भिंतीचे पोपडे खाताना बायकोनं तिला धरलं. मी म्हणालो, "उन्हाळ्याचं व्हतंय." आणि एके सकाळी दूध केंद्राच्या रांगेत, "खाजतंय का"चं उत्तर देता देता सुमी खाली कोसळली.

दवाखान्यात सिस्टरबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि माझ्याकडं बघितलं. तपासणी झाली.

"हिच्या पोटात जंत हायेत चेअरमन. आतड्याला चिकटून रक्त पितात. पोरगी अनवाणी फिरती का?"

"म्हणजे, तसा नवस..."

"घाणीच्या ओल्या मातीतून हे तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. आधी खाज सुटती तिथं."

मला जोर आला. "बाई, अख्ख्या तालुक्यात ओली माती न्हाई अन् हिलाच कुठं घावली?"

खाटेवरून सुमी बारीक आवाजात म्हणाली, "आण्णा, आपल्या केळीखाली हाय की."

बायको सुमीचे तळपाय पदरानं पुसत बसली. तिनं बोलायला हवं होतं. ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

गोळी मिळाली, रक्तवाढीचं औषध मिळालं. घरी येताच मी लाल चपला खाली काढल्या. तिच्या टाचा बोटभर बाहेर. तरी तिनं पाय आत कोंबले, आणि लगेच काढून ठेवले.

"कावून गं?"

"पाऊस कुठं पडलाय आजून? माझ्यामुळं चुकंल की आण्णा."

सभेत निदान पायात चपला तरी होत्या. या वेळी काढून दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी पाऊस पडला. संस्थेनं माझा सत्कार केला आणि मी हार गळ्यात घालून घेतला, हेही सांगून टाकतो. गल्लीतली पोरं चिखलात पळत होती. सुमी नव्या चपला घालून पायरीवर बसून त्यांना बघत होती. तिला पुन्हा पळायला दिवाळी उजाडली.

केळी मी दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी उपटल्या होत्या. आता मी न्हाणीतसुद्धा चपला घालून जातो. चेअरमन बिघडला म्हणतात, म्हणोत. फक्त देवळात इलाज नसतो. तिथं पायरीवर चपला काढताना मी आधी देवाला बजावून सांगतो, "दोन मिनिटांसाठीच काढतोय बरं का. नवस समजू नको."