तीन मिशांचा किडा

"तीन मिशा! मॅडम, तीन आहेत!" पाटणकर सर स्क्रीनला नाक लावून ओरडले, तेव्हाच मला कळलं, वाट लागली.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची लॅब आहे. मायक्रोस्कोपखाली बारीकसारीक वस्तूंचे फोटो काढून देणं हे माझं काम. त्यातच केस पिकले. पाटणकर सर बोरिवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. गोराईला खाडीकाठी त्यांना एक किडा सापडला होता, तिळापेक्षाही लहान. तो घेऊन ते आमच्याकडे आले.

आता थोडं तांत्रिक, घाबरू नका. मायक्रोस्कोपमधून एका वेळी किड्याचा एक पातळ थरच शार्प दिसतो. पाठ दिसली तर पाय धूसर, पाय दिसले तर पाठ. म्हणून फोकस जरा जरा सरकवत बरेच फोटो काढायचे. मग सॉफ्टवेअर प्रत्येकातला शार्प भाग उचलून एकच फोटो बनवतं. याला स्टॅकिंग म्हणतात. अट एकच, किड्याने हलायचं नाही.

मी आधीच म्हटलं होतं, "सर, मारून घेऊ या."

"अहो, एकुलता एक नमुना आहे! फ्रिजमध्ये ठेवून आणलाय. गारठलाय बिचारा."

आमच्या दिव्याखाली बिचाऱ्याला ऊब लागली आणि त्याने एक मिशी हलवली. सॉफ्टवेअरने ती दोन्ही जागांवरून इमानेइतबारे उचलली. दोनाच्या तीन झाल्या.

हे मी सांगेपर्यंत सरांनी फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाही. नवी जात! नावसुद्धा ठरलं, कॉलेजच्या ट्रस्टींचं. सरांना प्रिन्सिपल व्हायचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शनिवारी सरांचा आणि ट्रस्टींचा सत्कार. बॅनरवर तीन मिशांचा फोटो आणि खाली, 'छायाचित्र: सुनंदा सावंत'. म्हणजे जाणकारांत हसं होणार ते माझं. या धंद्यात माझ्याकडे नावाशिवाय आहे काय?

आमचे बॉस दळवी म्हणाले, "सावंत मॅडम, क्लायंट खूश आहे ना? कशाला उगाच?"

"साहेब, फोटो चुकलाय."

"कोण मिशा मोजत बसतंय!"

डोकंच फिरलं माझं. शुक्रवारी सर मोठी प्रिंट न्यायला आले. मी म्हटलं, "सर, हातातलं घड्याळ द्या जरा." होणाऱ्या प्रिन्सिपलला शोभेल असं चकचकीत घड्याळ होतं. लेन्सखाली ठेवलं आणि किड्यासारखंच स्टॅकिंग केलं. फोटोत तासकाटा एक, मिनिटकाटा एक. सेकंदकाटे मात्र डायलभर, खराट्याच्या काड्यांसारखे.

"अभिनंदन सर! घड्याळाचीही नवी जात सापडली. हिला कोणाचं नाव देऊ या?"

दळवींना चहाचा ठसका लागला. सरांनी स्क्रीनवर बोट टेकवून काटे मोजायला घेतले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मारा त्याला."

किडा आमच्याच फ्रिजमध्ये होता. मेल्यावर त्याच्या मिशा दोनच भरल्या. जातही जुनीच निघाली. सरांच्याच कॉलेजच्या कपाटात तिचा नमुना टाचणीला लावलेला होता.

सत्कार तरीही झाला. हॉल बुक, हार आणलेले, ट्रस्टींना नाही कोण म्हणणार? बॅनरवर फोटो तोच, फक्त 'नवी जात' या शब्दांवर कागद डकवून त्यावर 'निसर्गप्रेम' लिहिलं. माझं नाव मी स्वतः बोरिवलीला जाऊन चिकटपट्टीने झाकून आले.

सर पुढे प्रिन्सिपल झाले. मी एवढंच शिकले: आधी किडा मारायचा, मग हार आणायचा.