लाल फुलीचा टीव्ही

आमच्या घरातल्या पहिल्या टीव्हीत माणसं डावीउजवीकडे न जाता सरळ वर जात असत.

पहिला अर्धा तास सगळं ठीक असे. मग सेट तापे, आणि बातम्या सांगणाऱ्या बाई पडद्याच्या वरच्या कडेतून निघून जात व खालच्या कडेतून पुन्हा उगवत. आधी केस, मग कपाळ, मग बातमी. संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा हा एकच टीव्ही. त्यामुळे आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेला अख्खा शेजार बाईंच्या मागोमाग माना वर नेई आणि झटक्यात खाली आणी. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, आत कसलातरी ठराव एकमताने मंजूर होतोय. पहिल्याच रविवारी जोशीकाकूंची मान सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत अशी काही धरली, की पुढचे काही दिवस त्या आमच्याकडे तिरक्या नजरेनेच बघत होत्या. (नजर तशी टीव्ही आल्यापासूनच तिरकी होती, आता तिला वैद्यकीय कारण मिळालं.)

सेटच्या पाठीमागे एक बटण होतं. ते मी पिळून पाहिलं. बाई वर जायच्या थांबल्या आणि खाली जाऊ लागल्या.

आता मी कोण, हे सांगायला हवं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. गाड्यांचे सुटे भाग तयार होऊन माझ्या टेबलावर यायचे, मी ते मापायचो, आणि केसभर जरी चूक दिसली तरी लाल ऑइलपेंटची फुली मारून परत पाठवायचो. मॅनेजरसाहेबांनी विनवलं तरी फुली पुसली जात नसे. खालची मंडळी मला मागून ‘यमदूत’ म्हणत, आणि मला ते ऐकू येईल अशा बेताने म्हणत. अशा माणसाच्या घरी हा टीव्ही! कुसुम, म्हणजे आमची बायको, एवढंच म्हणाली, “कंपनीत केसाएवढी चूक सापडते तुम्हाला. इथे अख्खी बाई वर जातेय.”

त्या क्षणी टीव्हीचा प्रश्न संपला आणि माझ्या अब्रूचा सुरू झाला. मी जाहीर केलं, की हा सेट बदलून आणीन, नाहीतर इन्स्पेक्टर म्हणवून घेणार नाही. हे मी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, म्हणजे तीनही मजल्यांना कळलं.

दुकान पिंपरीच्या बाजारात, नानाशेठचं. नानाशेठ मूळचे रहाटणीचे शेतकरी. काही जमीन विकून त्यांनी रेडिओ-टीव्हीचं दुकान टाकलं होतं. धोतर, काळी टोपी, आणि गल्ल्यावर बसण्याची पद्धत अशी, जणू समोर टीव्हींची रांग नसून ज्वारीचं खळं आहे. त्यांच्या डोक्यावर पाटी होती: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

हातगाडीवर, आईच्या गोधडीत गुंडाळून, सेट दुकानात नेला. नानाशेठनी तो लावला. चित्र स्वच्छ, स्थिर. पाच मिनिटांनी त्यांनी बंद केला.

“बाय तर गुमान बसल्याली हाय की वं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तापल्यावर वर जाते. ते म्हणाले, तापल्यावर कोण वर जात नाही. मी म्हटलं, सेट बदलून द्या. त्यांनी बोट वर करून पाटी दाखवली. मी विचारलं, हा नियम केला कोणी?

“पेंटरनं,” नानाशेठ शांतपणे म्हणाले.

त्या काळी ग्राहकाचे हक्क ही भाषा आमच्या भागात पोचली नव्हती. वस्तू घेतली, बिघडली, की माणूस नशिबाला दोष देई आणि वरून चापट मारून ती चालवी. पण मी पेटलो होतो. चारी बाजूंनी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की मी भलत्याच रीतीने लढतोय. आमच्याकडे इंजिन पाच मिनिटं चालवून कोणी पास करत नाही. ते तापवतात, तापलेलं पळवतात, मग निकाल देतात. टीव्हीचीही तीच परीक्षा घ्यायची, आणि तीही दुकानात, नानाशेठच्या डोळ्यांदेखत!

पुढच्या रविवारी (आमच्या भोसरीत वीज गुरुवारी जाई, म्हणून सुट्टीही गुरुवारी, रविवारी कारखाना चालू) फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मी कंपनीच्या खाकी कोटातच थेट दुकान गाठलं. कुसुम हातगाडीवर सेट घेऊन आधीच पोचली होती. सेट लावायला लावला आणि समोर मांडी ठोकली. म्हणालो, सिनेमा संपेपर्यंत हा चालू राहणार, आणि बाई वर गेल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

संध्याकाळ झाली तशी एक अडचण उभी राहिली. रविवारचा सिनेमा, आणि बिल्डिंगचा टीव्ही दुकानात. तेव्हा बिल्डिंगही दुकानात आली. जोशीकाकू सतरंजी घेऊन आल्या, कोणी मुलांना घेऊन, कोणी चकल्यांचा डबा घेऊन. मला वाटलं, माझ्या पाठिंब्याला लोटलेली ही जनता! मी उठून चार शब्द बोलायला सुरुवातही केली. जोशीकाकू म्हणाल्या, “भाऊजी, जरा बाजूला व्हा, नावं दिसत नाहीयेत.”

सिनेमा सुरू झाला. अर्धा तास गेला, चित्र हलेना. तास गेला. नायिका रडत होती, पण जागच्या जागी. सेट असा शहाण्यासारखा वागत होता, की मलाच घाम फुटला. नानाशेठ गल्ल्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांच्या बाकावर रहाटणीचे दोन म्हातारे पाहुणे होते, तेही सिनेमा मन लावून बघत होते. बिल्डिंगमधले सावंत तर चित्र फार छान म्हणून नानाशेठना नव्या सेटची किंमत विचारून आले. माझाच सत्याग्रह दुकानदाराला गिऱ्हाईक मिळवून देत होता!

घाम पुसताना एक विचार आला. घाम मला आला, जोशीकाकूंना आला, सगळ्यांना आला. दुकानात तर टेबलफॅन चालू आहे. वारा जातो कुठे?

मी उठून सेटच्या मागे गेलो. टेबलफॅन तिथे होता. वाऱ्याचा एकूण एक थेंब टीव्हीच्या पाठीवर पडत होता.

“नानाशेठ,” मी म्हणालो, “पंखा बंद करा.”

“गिऱ्हाइकाला उकडंल.”

“गिऱ्हाईक समोर बसलंय. पंखा याच्या पाठीला कशाला?”

नानाशेठनी तंबाखू तोंडात टाकली. मी स्वतःच पंखा बंद केला. थोड्या वेळाने नायकाच्या टोपीने वरची कड गाठली. मग नायक गेला, पाठोपाठ घोडा गेला. आणि खालून टोपी पुन्हा आली. बिल्डिंगच्या माना वर गेल्या, खाली आल्या, वर गेल्या. रहाटणीच्या म्हाताऱ्यांच्याही गेल्या. त्यांच्यातला एक म्हणाला, “न्हाई नाना, घोडं वर जातंया.”

नानाशेठ माणूस सरळ. त्यांनी पाटीकडे एकदा पाहिलं, लोकांकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, “बरं. उद्याच्याला दुसरा सेट न्या.”

मी जिंकलो होतो! इथे मी नमस्कार करून घरी गेलो असतो, तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

पण हात आपल्या सवयीने चालतो. खाकी कोटाच्या खिशात लाल रंगाची बाटली होती, बुचाला ब्रश होता. तो कधी बाहेर आला मला कळलं नाही. सेटला सरकत्या झडपांचं पॉलिश केलेलं सागवानी देखणं कॅबिनेट होतं. त्याच्या वरच्या फळीवर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेल्या वितीएवढी, सणसणीत लाल फुली मी ओढली. समाधानाने बूच लावलं.

कुसुमने डोळे मिटून घेतले.

“ह्ये काय केलं?” नानाशेठनी विचारलं.

मी सांगितलं, आमच्याकडे लाल फुली म्हणजे माल नापास, बनवणाऱ्याकडे परत.

“आता टीव्हीची कंपनी ह्यो हातात तरी धरंल का? आन दुसरं आयका,” नानाशेठ गल्ल्यावरून उतरले. “चाकणच्या बाजारात बैलाच्या पाठीवर रंगाचं बोट वढलं की सौदा मिटला. मग त्यो लंगडू दे न्हाईतर बसू दे. ज्यानं रंग लावला त्याचा त्यो. आमी न्हाई लावला.”

मी सावंतांकडे पाहिलं, सावंतांनी चकलीकडे पाहिलं. घोडं वर जातंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडे मी शेवटच्या आशेने वळलो.

“व्हय,” तो म्हणाला, “रंग लावला म्हंजी झालं.”

तरीही मी हार मानली नाही, हे नमूद करतो. बैल लंगडा निघाला तर निदान त्याचं औषध तरी बैलाबरोबर द्यायला हवं, असा मुद्दा मी मांडला आणि टेबलफॅन उचलून पोटाशी धरला. तो घेतल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणालो. नानाशेठनी हात जोडले. हातगाडीवर गोधडीत टीव्ही, गोधडीवर पंखा, मागून सगळी बिल्डिंग, अशी आमची विजयी मिरवणूक निघाली.

पुढे कैक वर्षं आम्ही टीव्ही तसाच पाहिला. पंखा त्याच्या पाठीला, आम्ही घामाघूम. पाहुणे विचारत, ही लाल फुली कसली? कुसुम म्हणे, आमच्याकडे यांनी पास केलेल्या वस्तूला असते.

त्या रात्री पंखा लावून झाल्यावर मात्र तिने सहज विचारलं, “त्या बाटलीत रंग उरलाय का?”

“आहे थोडा. का?”

“मला बघायला आलात तेव्हा तुम्ही पोहे खाऊन पाच मिनिटांत उठला होतात,” ती म्हणाली. “तापल्यावर कसे चालता, हे बाबांनी बघितलंच नव्हतं.”

आणि तिने पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.